डॅरेल भावजींची बंदूक

नवऱ्याला बंदूक द्यायची की नाही हे या देशात बायकोला घरी येऊन विचारतात, ही बातमी आईला कळली तेव्हा तिच्या तव्यावरची पोळी करपली. बातमी आणली होती आमच्या शेजारच्या नॅन्सीने. आईने तिला ती पुन्हा सांगायला लावली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तेजू, ऐकलंस? लग्नाच्या आधी असं कुणी येऊन मला चार प्रश्न विचारले असते, तर किती बरं झालं असतं." बाबा पलीकडे बसून चहा पीत होते. त्यांना नवं ड्रिल मशीन घ्यायचं होतं. आईने तिथल्या तिथे जाहीर केलं की ड्रिलसाठीसुद्धा आधी तिची मुलाखत झाली पाहिजे. त्यानंतर आमच्या घरात कुणी काहीही मागितलं, अगदी भाजीत थोडं मीठ, तरी दुसऱ्याने गंभीर चेहरा करून विचारायचं, "अर्जदाराला राग किती येतो?" आणि मग आम्ही तिघंही हसत सुटायचो. आमच्या घराण्याला हा रोगच आहे. हसू नको तिथे येतं आणि आलं की थांबत नाही. एकदा आरती चालू असताना बाबांचं उपरणं समईला लागणार होतं, ते मी वाचवलं, आणि नंतर आरतीच्या उरलेल्या ओळी कुणालाच म्हणता आल्या नाहीत.

ऑकलंडजवळच्या पुकेकोहेमध्ये आमचं घर गावाच्या अगदी टोकाला होतं. मागच्या कुंपणापलीकडे कांद्याची शेतं, आणि शेतांची ती लाल माती, जी आमच्या मोज्यांमधून आयुष्यभर निघाली नाही. सकाळी ट्रॅक्टर, दुपारी पाण्याच्या फवाऱ्यांची टकटक, आणि कांदा काढायच्या दिवसांत वारा इकडचा असला की दोरीवरच्या कपड्यांनाही कांद्याचा वास यायचा. बाबा गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. आई ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या ड्युटीच्या वेळा फ्रीजवर लावलेल्या असायच्या आणि त्यानुसार घरात पोळ्या तरी असायच्या, नाहीतर बाबांचा वरणभात. कुकरच्या शिट्ट्या शेजारी ऐकू जात. तिसऱ्या शिट्टीला कुंपणावरून डॅरेलचं डोकं वर यायचं आणि तो विचारायचा, आज काय आहे?

डॅरेल आणि नॅन्सी अमेरिकेतल्या मोंटानाचे. तो 'ते रापा' नावाच्या ठिकाणच्या दूध कारखान्यात थंड करायची यंत्रं दुरुस्त करायचा, रोज पहाटे आपल्या युटने, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीने, तिकडे जायचा. नॅन्सी लहान मुलांची शिक्षिका. आई त्याला डॅरेल भावजी म्हणायची. त्याला वाटायचं ही एखादी पदवी आहे, आणि फोनवर आपल्या भावालाही तो ती अभिमानाने सांगायचा. नॅन्सीला मी मावशी म्हणायचं असा आईचा हुकूम होता. ती मला गाडी शिकवत होती. गिअर बदलताना मी किंचाळायचे, आणि ती शेजारी बसून शांतपणे सफरचंद खायची. मला ती इतकी आवडायची की तिच्यासारखे केस कापून घेऊन मी घरी रडारड ओढवून घेतली होती. (हे सगळे लोक अर्थातच इंग्रजीत बोलायचे. मीसुद्धा तेव्हा आईला इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. पण आता या वयात आठवायला बसलं की सगळे मराठीतच बोलताना ऐकू येतात, आणि मी तर चांगलीच सुधारलेली असते.)

ती दोघं इथे का आली ते नॅन्सीने एकदा गाडी शिकवताना मला सांगितलं होतं. तिकडे ती सहा वर्षांच्या मुलांना आधी मुळाक्षरं शिकवायची आणि मग कोटांच्या कपाटात आवाज न करता बसायला. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर म्हणून. मुलं घाबरू नयेत म्हणून हा एक खेळ आहे असं त्यांना सांगायचं. "त्या खेळात एक मुलगी नेहमी पहिली यायची," नॅन्सी म्हणाली. "मला तिला शाबासकी द्यायला लागायची. एक दिवस मला ती देता येईना." मग तिने जगाचा नकाशा काढला आणि ती निघाली. डॅरेल तिच्या मागून आला. मात्र आजोबांची रायफल तिकडे भावाकडे ठेवावी लागली, ते त्याला अजून सलत होतं.

या एका विषयावर त्या घरात दोन पक्ष होते. तिकडे असताना निवडणुकीत त्यांच्या एकाच अंगणात दोन विरुद्ध उमेदवारांच्या पाट्या लागायच्या आणि गवत कापताना डॅरेल इमानदारीत दोन्हींच्या भोवतालचं गवत कापायचा. त्याचा भाऊ आणि तिची बहीण सणाला एका टेबलावर जेवत नव्हते. इथे आल्यावर हे सगळं मागे पडेल असं नॅन्सीला वाटलं होतं. पण डॅरेलने ठरवलं की इथलं लायसन्स काढायचं, रायफल मागवायची आणि थंडीत हरणांच्या शिकारीला जायचं. नॅन्सीने त्याला सरळ सांगितलं, की रायफल ज्या दिवशी घरात येईल त्या दिवशी ती बहिणीकडे जाणाऱ्या विमानात बसेल. ती उगाच धमक्या देणारी बाई नव्हती, म्हणून मी मनातून फार घाबरले होते.

अर्ज भरायला डॅरेल आमच्याच स्वयंपाकघरात आला, कारण अर्जाला बायकोखेरीज आणखी एक ओळखीचा माणूस लागतो आणि त्या जागी त्याने बाबांचं नाव घालायचं ठरवलं होतं. नवरात्र नुकतंच बसलं होतं. आईने त्याच्यासमोर साबुदाण्याची खिचडी ठेवली. उपास म्हणून एवढं तूप खाणारे लोक त्याने दुसरीकडे पाहिले नव्हते आणि तो आमच्या धर्माबद्दल फार चांगलं बोलायला लागला होता. बंदूक कशासाठी हवी, या प्रश्नापुढे त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: घराच्या संरक्षणासाठी.

बाबांनी चष्मा वर केला. "हे लिहिलंत तर इथेच संपलं."

"का? याहून चांगलं कारण काय असतं?"

"इथे ते कारणच धरत नाहीत. शिकार लिहा. शेतातले ससे लिहा. संरक्षण लिहिलंत की ते म्हणणार, हा माणूस काळजीचा आहे."

डॅरेलने चमचा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले. "माझ्या देशात हा माझा हक्क आहे. सरकार मला तो देत नाही, तो आधीपासून माझाच आहे. सरकारने फक्त त्याला हात लावायचा नाही. आणि इथे मी माझ्याच बायकोची परवानगी मागायची?"

"मी रोज दुकानात लोकांना दुखण्याच्या गोळ्या देतो," बाबा म्हणाले. "चिठ्ठी बघतो, नाव बघतो, पुन्हा चिठ्ठी बघतो. सगळे चांगलेच लोक असतात. तरी बघतो."

"पण गोळ्यांवर माझा हक्क आहे असं कुणी म्हणत नाही."

"रोज म्हणतात," बाबा म्हणाले, आणि आई ओट्याकडे तोंड करून हसायला लागली. तिचे खांदे हलताना दिसले आणि मग माझंही सुटलं. शेवटी डॅरेललाही हसू आलं. त्याने संरक्षण खोडून हरीण लिहिलं आणि आणखी खिचडी मागितली. मी आजही अमेरिकेच्या बातम्या पाहते. तीच भांडणं, तीच वाक्यं, फक्त माणसं नवी. दोन्हीकडच्या लोकांना एका टेबलावर बसवून साबुदाण्याची खिचडी वाढावी असं मला वाटतं, पण हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, लोक हसतील.

दुसऱ्याच दिवशी नॅन्सी आली आणि तिने बाबांना विचारलं, चौकशीला येतील तेव्हा तुम्ही नाही म्हणाल का? बाबांची पंचाईत झाली. शेजाऱ्याला हो म्हणून बसलेले, आणि त्याच्या बायकोला नाही म्हणवत नव्हतं. दाढी करताना आरशासमोर त्यांची तालीम चालू झाली. "डॅरेल अत्यंत सज्जन आहेत, परंतु," एवढं म्हणून ते थांबायचे, कारण परंतुच्या पुढे काय ते त्यांना सापडत नव्हतं. आई बाहेरून ओरडायची, "अहो, खरं काय ते सांगा आणि मोकळे व्हा." बाबा फेसाच्या आतून म्हणायचे, "खरं काय तेच तर मला कळत नाहीये."

चौकशीला येणाऱ्या बाईंचं नाव हुइया होतं. त्या पोलीस नव्हत्या, पोलिसांच्या वतीने घरोघर जाऊन विचारपूस करायच्या. बाबांनी त्यांना आपल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी यायला सांगितलं, आणि तो दिवस खंडेनवमीचा आहे हे फोन ठेवल्यावर आईने कॅलेंडर दाखवलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यात आईने आणखी एक केलं होतं. डॅरेलला तिने कुंपणावरून सांगितलं, "भावजी, नवमीला आम्ही शस्त्रांची पूजा करतो, तुम्ही दोघं नक्की या." डॅरेलला भरून आलं. एवढी वर्षं आपण अगदी योग्य लोकांच्या शेजारी राहतो आहोत आणि आपल्याला पत्ताच नाही, असं तो म्हणाला. नॅन्सीचा चेहरा मात्र पडला. मी पळत जाऊन तिला सांगितलं की आमच्याकडे शस्त्र म्हणजे विळीसुद्धा, आणि तिने मला मिठी मारली.

त्या सकाळी हॉलमध्ये मोठ्या पाटावर आमच्या घराची सगळी हत्यारं मांडली होती. विळी, सुऱ्या, कुंपणाची कात्री, बागेतला कोयता, आईचा स्टेथोस्कोप, बाबांचा गोळ्या मोजायचा ट्रे, माझा लॅपटॉप. लॉनमोअर पाटावर मावेना, तो खाली उभा होता आणि त्याच्या हँडलला केशरी फुलांचा हार होता. दसऱ्याला लागणारी आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. गावात गिंकोचं एक झाड आहे, त्याची पानं दुभंगलेली असतात, ती बाबा दर वर्षी रीतसर विचारून आणायचे. डॅरेल दोन वस्तू घेऊन आला. एक पाना, कारण आईने त्याला विचारलं होतं की तुमचं पोट कशावर चालतं. आणि दुसरा एक फ्रेम केलेला फोटो, हातात रायफल घेतलेल्या आजोबांचा. आईने दोन्ही पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि फोटोला हार घातला. नॅन्सी माझ्या कानात म्हणाली, "तुमच्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला ना?" मी हो म्हणाले. "फोटोत रायफलही आहे," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून पुऱ्या लाटायला स्वयंपाकघरात निघून गेली. तिला इतकी हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

आरती ऐन रंगात आली तेव्हा हुइयाबाई दारात आल्या. दार उघडंच होतं. त्यांना समोर काय दिसलं असेल, याचा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. चकाकणारी पाती, त्यांच्यासमोर हात जोडलेलं एक कुटुंब, आणि बंदुकीच्या लायसन्ससाठी अर्ज केलेला दणकट अमेरिकन, कपाळभर कुंकू लावून, डोळे मिटून, जिवाच्या आकांताने घंटा वाजवतोय. बाबांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम वर गेला. पण आरती मध्ये सोडायची नसते. हुइयाबाईंनी बूट काढून ठेवले, आत येऊन मान खाली घातली आणि आरती संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या घरीही प्रार्थना मध्ये तोडत नसणार, असं आई नंतर म्हणाली.

"किया ओरा," आरती संपल्यावर त्यांनी माओरीत नमस्कार केला. "हे काय चाललंय ते विचारलं तर चालेल का?"

बाबांची एवढ्या दिवसांची तालीम एका क्षणात गेली. "आम्ही शस्त्रांची पूजा करतो," ते म्हणाले. "डॅरेलसुद्धा करतात."

मी सोफ्याच्या मागे खाली बसले, कारण उभं राहणं शक्यच नव्हतं. आईने तबक खाली ठेवलं आणि नर्सच्या आवाजात म्हणाली, "आज या सगळ्यांना सुट्टी असते. वर्षभर राबतात. आज यांना कुणी हात लावायचा नाही."

"लॉनमोअरलाही?"

"लॉनमोअरला तर मुळीच नाही," बाबा घाईघाईने म्हणाले, आणि हुइयाबाई पहिल्यांदा हसल्या. आईने त्यांना प्रसाद दिला आणि विचारून कुंकू लावलं. मग त्यांनी विचारलं की डॅरेलची पत्नी कुठे भेटेल, तिच्याशी एकटीशी बोलायचं आहे.

नॅन्सी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "माझ्या घरात मला ते बोलता येणार नाही. इथेच विचारा."

"मग आम्ही बाहेर जातो," आई म्हणाली, "पण कढई तापली आहे, एवढ्या पुऱ्या तळल्या की."

"तुम्ही थांबा. तेजूही थांबू दे," नॅन्सी म्हणाली. हुइयाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. पुरुषांना हॉलमध्ये ठेवून दार लोटलं गेलं. आई तळत होती, मी आणि नॅन्सी लाटत होतो. मी पोळपाटावरून नजर काढली नाही, कारण ती आता नाही म्हणणार आणि शेजारचं घर मोडणार, की हो म्हणणार आणि विमानात बसणार, हे मला बघायचं नव्हतं.

तो दारू किती पितो, रागावतो का, हे झालं. नॅन्सीची उत्तरं सरळ होती. शनिवारी एक बियर. रागावला तर गॅरेज आवरायला घेतो. मग हुइयाबाईंनी विचारलं, "त्याची तुम्हाला कधी भीती वाटली आहे?"

"हो," नॅन्सी म्हणाली. "एकदा."

आईचा झारा थांबला.

तिकडच्या शाळेतली गोष्ट होती. एक दिवस माईकवरून सांगितलं गेलं की हा सराव नाही. नॅन्सी मुलांना घेऊन कपाटात गेली आणि तिथून तिने डॅरेलला फोनवर तीन शब्द पाठवले. पुढचं आम्ही डॅरेलच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं. रायफल घेऊन तो कसा सुसाट निघाला, शाळेच्या आवारात सगळ्यांच्या आधी कसा पोचला, मागून आलेल्या पोलिसांत त्याचा वर्गमित्र निघाला, आणि शेवटी कळलं की सगळी अफवाच होती. तो हे फार रंगवून सांगायचा आणि आम्ही हसायचो. "ती गोष्ट त्याची आहे," नॅन्सी म्हणाली. "मी एका मुलीला शांत करायला कपाटाबाहेर आले होते आणि पडद्याच्या फटीतून मला तो दिसला. माझा नवरा, कामाचं जाकीट घातलेला, हातात बंदूक. त्याच्या पाठीमागे पोलिसांच्या गाड्या थांबत होत्या. त्यांना फक्त एक बंदूकवाला माणूस दिसत होता. ते ओरडत होते आणि हा शाळेकडेच बघत होता. यंत्रांच्या आवाजाने त्याचा डावा कान गेलाय. मला माहीत होतं, याला ऐकू येत नाहीये. मुलं माझ्याकडे बघत होती, म्हणून मला ओरडता येईना." तिने हातातली पुरी पुन्हा लाटायला घेतली. ती आधीच कागदाएवढी पातळ झाली होती. "मला त्याची भीती वाटली नाही. त्याच्यासाठी वाटली. मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण त्याला वाटतं तो मला वाचवायला आला होता. आणि तो खरंच त्यासाठीच आला होता."

दार कधी उघडलं ते आम्हाला कळलंच नाही. डॅरेल प्रसादाची रिकामी वाटी घेऊन उभा होता, आणखी मागायला आला असणार. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं.

"तू खिडकीत होतीस?" तो म्हणाला.

"हो."

त्याने वाटी ओट्यावर ठेवली. मग हुइयाबाईंकडे वळून म्हणाला, "आज नको."

"पुढची तारीख देऊ, की…"

"नको. अर्जच नको."

हुइयाबाईंनी पेन बंद केलं. तसं करायचा त्याला पूर्ण हक्क आहे, असं त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. आईने डोळे पुसले आणि लगेच त्यांना डबा भरून द्यायला घेतला, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर झाकणापर्यंत श्रीखंड, आणि त्या नको नको म्हणत असतानाच तो त्यांच्या पिशवीत गेलाही. हॉलमध्ये बाबा सोवळं सावरत उभे होते. "माझी मुलाखत?" त्यांनी विचारलं.

"आता गरज नाही," हुइयाबाई म्हणाल्या.

बाबांचा चेहरा असा झाला, की सुटलो म्हणून आनंद करावा की एवढी तालीम फुकट गेली म्हणून वाईट वाटून घ्यावं हे त्यांना ठरवता येईना. "पण मला आता परंतुच्या पुढचं सापडलं होतं," ते म्हणाले. आई आधी फुटली, मग मी, मग नॅन्सी ओट्याला धरून वाकली, आणि हुइयाबाई बूट घालता घालता दाराच्या चौकटीला टेकल्या. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. परंतुच्या पुढे काय होतं ते बाबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना काहीच सापडलं नव्हतं.

डॅरेल मात्र हसत नव्हता. हुइयाबाईंची गाडी गेल्यावर तो नॅन्सीजवळ आला, तिच्या हातातलं लाटणं काढून घेऊन त्याने ते ओट्यावर ठेवलं, आणि तिच्या पिठाच्या हातांकडे बघत विचारलं, "मग मी त्या दिवशी काय करायला हवं होतं? तूच सांग. तू आत होतीस. मी काय करायला हवं होतं?"

"घरी थांबायचं होतंस," नॅन्सी म्हणाली. "मी घरीच येणार होते."